लोहचुंबकाने फसवलेला माणूस, ज्याने पुढे बुद्धी मोजायची चाचणी बनवली

साल १८८५ च्या आसपासचं. पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये एक प्रयोग पुन्हा पुन्हा केला जात होता.

ब्लांश विटमन नावाच्या पेशंटला संमोहित केलं जायचं. तिचा उजवा हात लुळा पडलाय असं तिला भासवलं जायचं. मग तिच्याजवळ घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक आणून ठेवायचा. थोड्या वेळात उजवा हात मोकळा व्हायचा आणि डावा लुळा पडायचा. चुंबकाने म्हणे भावनाही उलट्या होत. हसणारी बाई रडायला लागायची.

एकदा नाही, दर वेळी. कितीही वेळा करून बघा, निकाल तोच.

हा प्रयोग करणाऱ्या दोघांपैकी एक होते शार्ल फेरे आणि दुसरा होता अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण, आल्फ्रेड बिने. हो, तेच बिने, ज्यांचं नाव आज आयक्यू टेस्टशी जोडलं जातं. बी.एड. किंवा मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने त्यांच्या नावावर एक तरी टीप लिहिलेली असते. त्या टिपेत हा चुंबक बहुतेक वेळा नसतो, आणि खरं तर गोष्ट तिथूनच सुरू होते.

बिने यांचा जन्म १८५७ चा, नीस शहरातला. तेव्हा नीस फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघं वेगळे झाले आणि मुलगा आईबरोबर पॅरिसला आला. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. डॉक्टरकीचं शिक्षण सुरू केलं, तेही सोडलं. मग राष्ट्रीय ग्रंथालयात बसून मानसशास्त्राची पुस्तकं वाचायला सुरुवात केली. या विषयात त्यांना शिकवणारा गुरू असा कोणी नव्हता. घरची परिस्थिती चांगली होती, म्हणून हे परवडलं.

तिथून ते पोहोचले साल्पेत्रिएरला, ज्याँ-मार्तें शार्को यांच्या हाताखाली. शार्को म्हणजे त्या काळातलं मेंदूविज्ञानातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांची प्रात्यक्षिकं बघायला सगळं पॅरिस लोटायचं. अशा माणसाच्या वॉर्डमध्ये काही चुकीचं चाललं असेल अशी शंका नव्या मुलाच्या मनात येणं अवघडच. बिने यांच्याही आली नाही. चुंबकाच्या प्रयोगांवर त्यांनी आणि फेरे यांनी लेख लिहिले, १८८७ मध्ये पुस्तकही काढलं.

तोपर्यंत शंका घेणारा एक माणूस वॉर्डमध्ये येऊन गेला होता. जोसेफ देलबफ, बेल्जियमच्या लीएज शहरातले प्राध्यापक. त्यांनी प्रयोग नीट पाहिला आणि वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष दिलं. चुंबक पेशंटच्या डोळ्यांसमोर हलवला जात होता. आता काय होणार याची चर्चा डॉक्टर तिच्या समोरच, मोठ्याने करत होते. आणि पेशंट होत्या मोजक्याच, याच खेळात वर्षानुवर्षं मुरलेल्या. देलबफ यांनी घरी जाऊन काळजीपूर्वक प्रयोग केले आणि सांगितलं की काम चुंबक करत नाही, सूचना करते. डॉक्टरांना काय हवंय ते पेशंटला कळतं आणि तिचं शरीर तसं वागतं.

बिने आधी भांडले. जोरात भांडले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की देलबफ बरोबर आहेत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. साल्पेत्रिएर तर १८९० च्या सुमाराला सोडलंच होतं.

इथे दोन शब्द समजून घ्यावे लागतात, कारण पुढचं सगळं आयुष्य बिने याच दोन शब्दांशी झगडत होते.

पहिला शब्द, विश्वसनीयता. तीच मोजणी पुन्हा केली, दुसऱ्या माणसाने केली, दुसऱ्या दिवशी केली, तरी उत्तर साधारण तेच यायला हवं. दुसरा शब्द, वैधता. काही पुस्तकांत याला सप्रमाणता म्हणतात. आपण जे मोजतोय असं आपल्याला वाटतं, तेच मोजलं जातंय का?

घरातला वजनकाटा दर वेळी तीन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण त्याचं उत्तर चूक आहे. आणि त्याच काट्यावर उभं राहून कोणी माणसाचा प्रामाणिकपणा मोजायला लागला, तर काटा दुरुस्त करूनही काही उपयोग नाही. चुंबकाचा प्रयोग असाच होता. निकाल पक्का, दर वेळी तोच. पण मोजली जात होती ती पेशंटची डॉक्टरांना खूश करण्याची क्षमता.

गंमत अशी की उलटं होऊ शकत नाही. काटा दर वेळी वेगळंच वजन दाखवत असेल, तर तो काहीच मोजत नाही. विश्वसनीयता असली म्हणजे वैधता येतेच असं नाही, पण विश्वसनीयता नसेल तर वैधतेचा प्रश्नच येत नाही.

घरातल्या दोन मुली

साल्पेत्रिएर सुटल्यावर बिने यांच्याकडे ना वॉर्ड होता, ना पेशंट. होत्या त्या दोन लहान मुली, माडलेन आणि आलिस. त्यांच्यावरच त्यांनी साधेसाधे प्रयोग सुरू केले. सोंगट्यांचे दोन ढीग मांडायचे आणि विचारायचं, जास्त कुठे आहेत? लहान मूल मोजत नाही, जो ढीग जास्त जागा व्यापतो तो दाखवतं. पुढे ज्याँ पियाजे यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कामाची ही जवळजवळ पूर्वतयारीच.

पण खरा धडा मिळाला तो प्रतिक्रिया वेळेच्या प्रयोगात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि अमेरिकेत जेम्स कॅटेल यांचा समज होता की हुशार माणसाच्या इंद्रियांचा आणि प्रतिक्रियेचा वेग जास्त असतो, म्हणजे घड्याळ लावून बुद्धी मोजता येईल. बिने यांनी मुलींचा वेळ मोजला. सरासरी काढली तर मुली मोठ्या माणसांपेक्षा हळू. पण एकेक आकडा बघितला तर काही वेळा मुली मोठ्यांइतक्याच चपळ होत्या. मग सरासरी का घसरली? कारण मध्येच त्यांचं लक्ष उडत होतं. म्हणजे घड्याळ वेग दाखवत होतं, पण फरक होता तो लक्ष टिकवण्यात.

कॅटेल यांच्याच विद्यापीठात, कोलंबियात, क्लार्क विस्लर यांनी १९०१ मध्ये हिशोब मांडला. या चाचण्यांचे आकडे ना एकमेकांशी जुळत होते, ना विद्यार्थ्यांच्या मार्कांशी. कॅटेल यांच्या मोजपट्टीचा जोर तिथेच ओसरला.

दरम्यान १८९१ मध्ये बिने यांना सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. बिनपगारी. काही वर्षांत ते तिथले संचालक झाले. १८९५ मध्ये आंरी बोनीस यांच्यासोबत फ्रेंच मानसशास्त्राचं वार्षिक सुरू केलं. डोळे बांधून बुद्धिबळ खेळणारे, मनात प्रचंड गुणाकार करणारे, हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे, सगळ्यांचा अभ्यास केला. फावल्या वेळात आंद्रे द लॉर्द यांच्याबरोबर भयनाट्यंही लिहिली. एवढं सगळं करूनही पॅरिसमध्ये प्राध्यापकपद मात्र कधी मिळालं नाही.

चुंबकाचा चटका मात्र विसरले नव्हते. १९०० मध्ये त्यांनी सूचनेच्या प्रभावावर जाड पुस्तकच लिहिलं. एका प्रयोगात शाळेतल्या मुलांना एकेक रेघ दाखवून तेवढीच काढायला सांगितलं. पहिल्या पाच रेघा क्रमाने वाढत जाणाऱ्या. त्यानंतरच्या सगळ्या सारख्याच लांबीच्या. तरी बरीच मुलं रेघ वाढवतच राहिली. दुसऱ्या प्रयोगात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक बटण दाखवलं आणि नंतर ते कोणत्या दोऱ्याने शिवलं होतं अशा पद्धतीने विचारलं. दोरा नव्हताच. तरी मुलांनी दोरा पाहिल्याचं सांगितलं. कोर्टातल्या साक्षींचा अभ्यास करणारे आजही या कामाकडे मागे वळून बघतात.

आणि याच काळात त्यांनी स्वतःलाही पकडलं. तेव्हा डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरवायची पद्धत होती. बिने शाळांत गेले, शिक्षकांकडून सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मागे पडलेली मुलं निवडून घेतली आणि डोकी मोजली. फरक निघाला जेमतेम मिलिमीटरभर. एवढ्याशा फरकात तर मोजणाऱ्याचा हातच बदल करू शकतो! मागे पडलेल्या मुलाचं डोकं लहान असणार असं मनात धरलं की मोजपट्टी नकळत थोडी आवळली जाते, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसलं. त्यांनी तेही छापलं. डोकी मोजण्याचा रस्ता सोडून दिला.

एकच मूल, तीन शिक्के

फ्रान्समध्ये १८८२ पासून शिक्षण सक्तीचं झालं होतं. सगळी मुलं शाळेत आली, त्यात वर्गाबरोबर चालू न शकणारीही आली. त्यांचं काय करायचं यासाठी सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. बिने समितीत होते.

बिने आणि त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर तेओदोर सिमों यांनी पहिलं काम केलं ते जुने कागद बघण्याचं. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेलेल्या मुलांचे दाखले त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एकाच मुलाला एका डॉक्टरने आयडियट म्हटलेलं, दुसऱ्याने इम्बेसाइल, तिसऱ्याने आणखी काही. तेव्हा हे शब्द शिव्या नव्हत्या, वैद्यकीय प्रकार होते. प्रत्येक डॉक्टर आपल्या अंदाजाने शिक्का मारत होता. आणि त्या शिक्क्यावर मूल नेहमीच्या शाळेत राहणार की बाहेर जाणार, हे ठरत होतं.

म्हणजे अडचण मुळातच विश्वसनीयतेची होती. मोजणारा बदलला की उत्तर बदलत होतं.

१९०५ मध्ये दोघांची पहिली चाचणी आली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न. पेटलेल्या काडीवर नजर फिरते का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यातलं खायचं कोणतं? तीन आकडे ऐकून परत म्हण. माशी आणि फुलपाखरू यात फरक काय? पॅरिस, नदी आणि नशीब हे तीन शब्द घालून वाक्य कर. यात पाठांतर जवळजवळ नव्हतं, वाचता येण्याची गरज नव्हती. शाळेने काय शिकवलं ते बाजूला ठेवून मुलाची समज बघायची होती.

चाचणी कशी घ्यायची याचे नियमही तेवढेच बारीक होते. शांत खोली. मूल एकटं. आधी त्याची भीती घालवायची. प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा, मदत करायची नाही, चेहऱ्यावरून उत्तर सुचवायचं नाही. यातला प्रत्येक नियम वाचताना साल्पेत्रिएरमधले ते मोठ्याने बोलणारे डॉक्टर आठवतात.

हे झालं विश्वसनीयतेचं. आणि वैधता? त्यासाठी दोघांनी चाचणीबाहेरचे पुरावे बघितले. मोठी मुलं लहान मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडवतात का? शाळेत दोन-तीन वर्षं मागे पडलेली मुलं इथेही मागे पडतात का? १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयाप्रमाणे लावले, तीन ते तेरा वर्षांपर्यंत. एखादा प्रश्न सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमत असेल, तरच तो सातव्या वर्षाचा. दहा वर्षांचं मूल सात वर्षांपर्यंतचेच प्रश्न सोडवू शकलं, तर त्याची मानसिक पातळी सातची. बिने यांना यापेक्षा जास्त काही म्हणायचं नव्हतं. ही पातळी म्हणजे मोजपट्टीवरची लांबी नाही, फक्त मुलांच्या रांगेत या मुलाची आजची जागा आहे, हे ते पुन्हा पुन्हा बजावत.

मग ब्रुसेल्सहून बातमी आली. ओव्हिद द्रोली यांनी सहकाऱ्यासोबत हीच चाचणी तिथल्या एका खासगी शाळेत घेतली होती आणि बेल्जियन मुलं पॅरिसच्या मुलांपेक्षा साधारण दीड वर्ष पुढे निघाली. बेल्जियन मुलं जास्त हुशार? बिने यांनी चौकशी केली. ब्रुसेल्सची मुलं डॉक्टर, वकील, प्राध्यापकांच्या घरची होती. पॅरिसची मुलं गरीब वस्तीतल्या सरकारी शाळांमधली. घरी ज्या भाषेत बोललं जातं, जी चित्रं दिसतात, जे शब्द कानावर पडतात, ते उत्तरांत उतरत होतं. आपल्याच चाचणीतली ही फट त्यांनी १९११ च्या लेखात उघडपणे मांडली. पॅरिसमध्ये वैध असलेलं माप ब्रुसेल्समध्ये तसंच राहील याची खात्री नाही, हे तेव्हाच कागदावर आलं होतं.

आकडा कायमचा असतो असं मानणाऱ्यांवर ते चिडायचे. त्याला एक खासगी कारणही होतं. तरुणपणी एका परीक्षकाने त्यांना तत्त्वज्ञानाची समज कधीच येणार नाही असं सुनावलं होतं. १९०९ च्या पुस्तकात ही आठवण लिहिताना तो राग अजून ताजा होता. मागे पडणाऱ्या मुलांसाठी सुरू झालेल्या खास वर्गांत ते लक्ष, स्मरण, संयम यांचे व्यायाम घ्यायला लावत. एक खेळ होता पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहण्याचा. हा आपल्याकडच्या स्टॅच्यूचाच भाऊ. चाचणी घ्यायची ती मूल कुठे अडलंय हे कळावं म्हणून, आणि मग ते पुढे जावं म्हणून.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी बिने वारले. वय ५४.

त्यांच्यामागे झालेला घोळ

पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्याला शंभरने गुणलं आणि आयक्यू जन्माला आला. बिने यांनी आयक्यू कधी काढला नाही. तो शब्दच त्यांच्या हयातीत नव्हता.

अमेरिकेत ही चाचणी हेन्री गोडार्ड यांनी आणली. १९१३ मध्ये त्यांच्या सहायकांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जहाजातून उतरणाऱ्या स्थलांतरितांची परीक्षा घेतली. आठवडे समुद्रात काढलेली, इंग्रजी न येणारी, घाबरलेली माणसं. दुभाष्यामार्फत प्रश्न. निष्कर्ष निघाला की तपासलेल्यांपैकी बहुतेक मंदबुद्धी आहेत. शांत खोली, घालवलेली भीती, सारखी पार्श्वभूमी, बिने यांची एकही अट तिथे पाळली गेली नव्हती. १९१७ नंतर अमेरिकी लष्कराने सतरा लाखांवर माणसांना सामूहिक चाचण्या दिल्या. त्यातल्या एका प्रश्नात क्रिस्को म्हणजे काय हे ओळखायचं होतं. क्रिस्को हे स्वयंपाकाच्या तुपाचं अमेरिकी ब्रँड. इटलीहून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्याला ते माहीत नसेल, तर मोजलं काय गेलं, बुद्धी की अमेरिकेतला मुक्काम?

सगळ्यात भयंकर ठरलं ते व्हर्जिनिया राज्यातलं कॅरी बक प्रकरण. बिने चाचणीवर कॅरीचं मानसिक वय नऊ, तिच्या आईचं आठहून कमी दाखवलं गेलं. सात महिन्यांच्या मुलीबद्दल तर नुसत्या पाहण्यावरून शेरा मारला गेला. तीन पिढ्या मंदबुद्धी, असं मानून १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरीची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि चांगले गुण मिळवून गुणवंतांच्या यादीतही आली. आठ वर्षांची असताना आजारपणात गेली.

सिमों १९६१ पर्यंत जगले. आयक्यूच्या नावाखाली जे झालं तो मूळ हेतूचा विश्वासघात आहे, असंच ते म्हातारपणीही मानत राहिले.

ही चाचणी मराठीतही आली. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. फ्रेंच नाणी ओळखायचा प्रश्न धारवाडच्या मुलाला विचारून काय उपयोग? कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे इथल्या मुलांवर तपासूनच ठरवावं लागतं. कामत यांनी ते केलं, आणि १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत टेस्ट या नावाने ती भारतातल्या दवाखान्यांत आणि बौद्धिक अपंगत्वाच्या दाखल्यांसाठी पुढे अनेक दशकं वापरली गेली. तिचे मूळ निकष १९३० च्या दशकातल्या मुलांवरून ठरलेले आहेत आणि आजच्या मुलाची जागा त्या रांगेत शोधणं बरोबर नाही, अशी तक्रार मानसतज्ज्ञ करत आले आहेत. त्या आकड्यावरच मुलाला परीक्षेतली सवलत, सरकारी योजना किंवा खास शाळा मिळणार की नाही, हे ठरत आलेलं आहे.